गरुडाने पास केलेलं विमान

मी दात बनवते. खोटे दात. कवळ्या, कॅप, ब्रिज, डॉक्टर मागेल ते. माझ्या लॅबमध्ये स्कॅनर आहे, कॉम्प्युटर आहे, आणि पडद्यावर दाढ गोल फिरवत तिचे खाचखळगे कोरण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे. त्यामुळे "तुम्ही विमान कसं काय बनवलंत?" असं कुणी तोंडाचा आ करून विचारलं की मला हसू येतं. दाढेपेक्षा विमान सोपं. ते चावत नाही, आणि "जरा टोचतंय हो" म्हणून परतही येत नाही.

का बनवलंत, असं मात्र कुणी विचारलं तर मी विषय बदलायचे. आता बदलत नाही. एका माणसाला तोंडघशी पाडायचं होतं, म्हणून बनवलं.

माझा नवरा लढाऊ विमान चालवायचा. एका सकाळी उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर त्याच्या विमानाने नाक खाली घातलं आणि ते धावपट्टीच्या अलीकडे जमिनीत शिरलं. चौकशी नेमली गेली. चौकशीचे प्रमुख त्याचेच एक वरिष्ठ होते, त्याच जातीचं विमान त्याच्या आधी कितीतरी वर्षं उडवलेले. त्यांनी निकाल दिला की विमानात काही दोष नव्हता, वैमानिक गांगरला. पुरावा काय, तर त्याने बाहेर पडायची मूठ ओढली नव्हती. त्या जुन्या विमानात ही मूठ डोक्याच्या वर असायची. दोन्ही हातांनी ती तोंडासमोर खाली ओढली की खुर्चीसकट माणूस बाहेर फेकला जायचा.

"मूठ धडधाकट, वेळ पुरेसा, आणि हात लावलेला नाही," ते साहेब माझ्या घरी येऊन, माझ्या खुर्चीत बसून मला म्हणाले. "घाबरून गोठला, दुसरं काय. वाईट वाटून घेऊ नका. सगळ्यांच्यात तो दम नसतो."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचं लक्ष आमच्या शोकेसमधल्या छोट्या विमानाकडे होतं. "याची शेपटी चुकीची आहे," असं ते जाता जाता म्हणाले. नवरा जाऊन दोन महिने झाले नव्हते आणि हा माणूस माझ्या घरात शेपटी बघत होता. त्या दिवसापासून मी त्याच्यावर दात धरून आहे, आणि दातांच्या बाबतीत मी किती चिवट आहे ते माझ्या डॉक्टरांना विचारा.

सासूबाई तेव्हा गावी होत्या. वैमानिक गांगरल्याची बातमी त्यांनी पेपरात वाचली आणि खरी मानली. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. पण त्यांचंही एक कारण होतं. लहानपणी तो गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढला होता आणि उतरायला घाबरून वरच रडत बसला होता. तेव्हा सासूबाईंनी खाली उभं राहून त्याला भित्री भागूबाई म्हणून चिडवलं होतं, शेजारपाजारच्या बायकांसमोर. "त्या चिडवण्यापायी तो विमानात जाऊन बसला," त्या म्हणायच्या. "मुळात भित्रं पोर ते. मीच त्याला नको तिथे ढकललं."

आम्ही दोघी तेव्हापासून शहरातल्या दुसऱ्या घरात एकत्रच राहतो. भांडतो, बोलणं टाकतो, पुन्हा बोलायला लागतो. पण भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना त्या मध्येच थांबायच्या आणि विचारायच्या, "त्याने ती मूठ का गं ओढली नाही?" इतक्या वर्षांत हा प्रश्न जुना झाला नाही. मला उत्तर माहीत नव्हतं. मला फक्त त्याचा गुडघा माहीत होता.

त्याच्या डाव्या गुडघ्यावर बाहेरच्या बाजूला कायम एक निळा डाग असायचा. एक बरा होतोय तोवर दुसरा. मी विचारलं की हसून म्हणायचा, "आमचं विमान लाथ मागतं." मला वाटायचं गंमत करतोय. चौकशीच्या साहेबांना मी ते सांगितलं होतं. ते म्हणाले, "संसारात लागतं हो इकडेतिकडे." झालं. माझी साक्ष तिथेच संपली.

त्यानंतर हा माणूस माझ्या आयुष्यातून नाहीसा झाला आणि पुष्कळ वर्षांनी एका लिफ्टमधून परत आला.

आमच्या लॅबच्या इमारतीची लिफ्ट सारखी रुसायची. ती दुरुस्त करायला येणारा लिफ्टवाला मोठा बोलका माणूस. एकदा पाणी प्यायला लॅबमध्ये आला, पडद्यावर फिरणारी दाढ बघून हरखला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही तर आमच्या क्लबात पाहिजे." त्यांचा क्लब म्हणजे घरबसल्या विमान उडवणाऱ्यांचा. समोर मोठा पडदा, हातात दांडी, पायात पेडल, आणि कॉम्प्युटरवर हुबेहूब विमान. पगार लिफ्टचा, डोकं ढगात. या लोकांना खोटं विमान अगदी खऱ्यासारखं हवं असतं. एखाद्या स्क्रूची खाच आडवी असायला हवी होती आणि उभी आहे, यावर ते महिनाभर भांडतात.

"आणि लढाऊ विमान असलं ना," लिफ्टवाला म्हणाला, "तर गरुडसाहेबांनी पास केल्याशिवाय आमच्यात कुणी त्याला हात लावत नाही. स्वतः बसायचे ते त्यात. ते 'बरोबर' म्हणाले की बरोबर."

जुना गरुड हे त्या साहेबांनी क्लबात घेतलेलं नाव. लिफ्टवाल्याने फोनवर फोटो दाखवला. केस पिकले होते, गाल उतरले होते, पण ती नजर तीच. फोटोतही ते कुणाच्या तरी विमानाची शेपटीच बघत होते.

लिफ्टवाला गेल्यावर मी बसून राहिले. माझ्या हातात एका बाईच्या पुढच्या दातांची ओळ होती आणि ती मी इतकी दाबली की मोडली. मग मी हसले. मला एकदम कळलं होतं की हा माणूस कशाने मरेल. याला खोट्या गोष्टीतली चूक सहन होत नाही. माणसाबद्दल तो वाटेल ते खोटं बोलेल, पण विमानाबद्दल कुणी चुकीचं काही दाखवलं की त्याच्या जिवाची तगमग होणार, आणि तो खरं काय ते सांगितल्याशिवाय राहणार नाही.

मी तेच विमान बनवायला घेतलं.

शहराबाहेरच्या एका बागेत त्या जातीचं एक विमान शोभेला ठेवलेलं होतं. मुलं त्याच्या पंखाला लोंबकळायची. बागेच्या माणसाने पुष्कळ आढेवेढे घेऊन मला शिडी लावून दिली. आत अर्धी घड्याळं गायब होती, आणि खुर्चीत कबुतरांनी घर केलं होतं. ती उठवून मी बसले. नवऱ्याच्या जातीच्या विमानात मी पहिल्यांदाच बसत होते. इतकी अरुंद जागा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. दोन्ही खांदे घासत होते. मी दातांचा छोटा स्कॅनर काढला आणि एकेक बटण, एकेक कड दाढेसारखी फिरवून टिपत गेले, आणि सगळा वेळ रडत होते. दुःखाने नाही, रागाने. या एवढ्याशा जागेत बसलेल्या माणसाला तो आरामखुर्चीतला माणूस भित्रा म्हणाला होता.

घरी आल्यावर मागच्या खोलीत काम सुरू झालं. जे बागेत नव्हतं ते जुन्या फोटोंवरून आणि त्या विमानाच्या माहितीपुस्तकातून घेतलं. पत्र्यावर कुठे रंग उडालाय, काचेला कुठे ओरखडा आहे, सगळं घातलं. लिफ्टवाला सुट्टीच्या दिवशी यायचा आणि प्लायवूडचा सांगाडा उभा करायचा. दांडी नुसती हलून चालणार नव्हती. खऱ्या विमानात वेग वाढला की दांडी हाताशी झुंजते. त्यासाठी त्याने लिफ्टच्या दाराची जुनी मोटर आणून दांडीला जोडली. ती जोरात लावली की दोन हातांनीही आवरायची नाही. सासूबाई दारात खुर्ची टाकून बघत बसायच्या. "हे त्याचंच का गं?" असं त्यांनी एकदा विचारलं. मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "ती मूठ कुठली?" मी वर लावलेली पिवळी-काळी मूठ दाखवली. त्या तिच्याकडे बघत राहिल्या आणि उठून आत गेल्या.

आता गळ. त्या विमानात ट्रिम नावाची सोय असते. नाक वर-खाली धरून ठेवायला विमानच मदत करतं, म्हणजे वैमानिकाचा हात भरून येत नाही. ही मदत कधी बिघडून आपल्याआपण नाक खाली दाबू लागली, तर डाव्या गुडघ्याशेजारचा एक खटका ओढून ती बंद करायची. चौकशीच्या निकालात म्हटलं होतं की हा खटका या विमानात उत्तम चालतो. मी तो तसाच बनवला. लोण्यासारखा. एका बोटाने ओढला तरी यावा असा. विमानातल्या बाकी सगळ्या गोष्टी मी खऱ्या ठेवल्या आणि ही एकच, साहेबांनी सही करून खरी ठरवलेली, जशीच्या तशी आत बसवली.

क्लबात मी माझं नाव 'कवळी' ठेवलं. मंडळींना वाटलं कुणी बोळका म्हातारा असेल. सगळे मला कवळीराव म्हणू लागले, मी म्हणू दिलं. कॉम्प्युटरवरचं विमान पाठवलं आणि खाली नम्रपणे लिहिलं की गरुडसाहेबांनी नजरेखालून घालावं.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. पट्ट्याच्या बकलाचा रंग चुकलाय. मी बदलला. पेडलवरचा रंग बुटांनी उडालेला असायचा. मी उडवला. असं बरेच दिवस चाललं. आणि खरं सांगायचं तर तो माणूस सभ्य होता. शिकवायचा, थांबायचा, पुन्हा समजावून सांगायचा. एकदा त्याने लिहिलं, "कवळीराव, असं काम मी आजवर पाहिलं नाही." ते वाचून मला बरं वाटलं. पुढच्याच क्षणाला मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्याच्या शाबासकीवर मी खूश व्हायचं?

पण मासा गळाजवळ आला होता. एका दुपारी मी लॅबमध्ये प्लास्टर कालवत होते आणि फोन वाजला.

"बाकी सगळं उत्तम," त्याने लिहिलं होतं. "पण ट्रिमचा खटका फार गुळगुळीत आहे. खऱ्यात तसा नव्हता."

मी हात पुसले. "माहितीपुस्तकात तर खटक्याबद्दल काही नाही, साहेब," मी लिहिलं. "आणि कुठल्याशा चौकशीतही तो चांगला चालतो असंच म्हटलंय म्हणतात."

उत्तर यायला वेळ लागला. माझं प्लास्टर भांड्यातच घट्ट झालं. मला वाटलं, गेला. सुटला हातचा.

मग आलं. "कागदावर काय वाटेल ते लिहितात हो. तो खटका अडकायचा. डावा गुडघा जोरात मारला की सुटायचा. आमच्या सगळ्यांच्या गुडघ्याला निळे डाग असायचे. हे सगळ्यांना माहीत होतं. तुमचं विमान खरं व्हायला हवं असेल तर हे घालाच."

मी बेसिनपाशी गेले आणि नळ सोडून मनगटं गार पाण्याखाली धरली. सगळ्यांना माहीत होतं. माझ्या नवऱ्याला होतं, त्याच्या मित्रांना होतं, आणि ज्याने विमानात काही दोष नव्हता असं म्हटलं त्यालाही होतं. त्याला असं गोल फिरवून खाली आपटावं असं मला वाटलं.

तेवढं क्लबात चव्हाट्यावर मांडलं असतं तरी चाललं असतं. पण कागदावर काय वाटेल ते लिहितात, हे तोच म्हणाला होता. उद्या त्याने अंग काढून घेतलं असतं. शिवाय दोष होता एवढंच कळून माझं भागत नव्हतं. मूठ का ओढली नाही, याचं उत्तर त्यात नव्हतंच, आणि ते मला त्याच्या तोंडून हवं होतं, सासूबाईंच्या समोर. मी लिहिलं, "खटका किती अडकायचा ते असं सांगून कळायचं नाही, साहेब. माझ्या घरी येऊन एकदा बसाल का? तुम्ही सांगाल तसा मी तिथल्या तिथे घट्ट करते. मग तुम्हीच पास करा." घोळात 'करते' असं लिहून गेले. गरुडाचं लक्ष भाषेकडे नव्हतं. त्याने येतो म्हणून कळवलं.

रविवारी सकाळी ते आले. मी भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो आदल्या दिवशीच काढून कपाटात ठेवला होता.

"कवळीराव म्हणजे तुम्ही?" दारात ते मोठ्याने हसले. "काय राव, फसवलंत आम्हाला!"

"अजून कुठे," मी म्हणाले, आणि त्यांना आत घेतलं.

लिफ्टवाला होता, क्लबातले आणखी दोघं होते. पास करतानाचं सगळं बोलणं क्लबात रेकॉर्ड करतात, पुढे वाद नको म्हणून. लिफ्टवाल्याने फोन उंच धरला. सासूबाई नेहमीच्या जागी, दाराशी खुर्चीत. मी त्यांना फक्त इतकंच सांगितलं होतं की हे विमान खरोखर उडवलेले एक गृहस्थ बघायला येणार आहेत. त्यांनी धुतलेलं पातळ नेसलं होतं.

साहेब सांगाड्यात चढले. त्यांनी न बघता हात योग्य जागी ठेवला. दांडी धरली. अंगठ्याने एक बटण चाचपलं, आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "अरे बापरे," ते म्हणाले. "तेच आहे हो हे. तेच."

मी कॉम्प्युटरपाशी बसले. खटक्याला मागून छोटी मोटर लावली होती, तिचा जोर तिथून कमी-जास्त करता यायचा. त्यांनी खटका ओढला, नाक मुरडलं. "आणखी घट्ट."

मी घट्ट केला.

"आणखी. छे, हा तर कुणीही ओढेल. आणखी."

तिसऱ्यांदा तो हलेचना. त्यांनी डावा गुडघा फाडकन मारला. खटका सुटला. "बस्स! बरोबर! हे बरोबर!" ते ओरडले, आणि गुडघा चोळत सगळ्यांकडे अभिमानाने बघितलं. "बघितलंत? पोरांना पहिल्या दिवशी आम्ही हेच शिकवायचो. हे कुठल्या पुस्तकात मिळणार नाही तुम्हाला."

"म्हणजे आता हे विमान अगदी खऱ्यासारखं झालं?" मी विचारलं.

"खऱ्यासारखं काय, खरंच! पास."

ते मोठ्या उंचीवर गेले. मी ट्रिम बिघडवली. नाक खाली गेलं, दांडी जड झाली, पण खाली आकाशच आकाश होतं. त्यांनी सावकाश एका हाताने ओढ धरली, गुडघा मारला, खटका सोडवला, विमान सरळ केलं. दोघं क्लबवाले टाळ्या वाजवायला लागले. साहेबांनी मान तुकवली.

"आता उतरताना," मी म्हणाले. "शेवटच्या वळणावर बिघडली तर?"

"तिथे..." ते जरा थांबले. "तिथे उंची फार नसते."

"जमेल ना साहेब?" लिफ्टवाल्याने सरळ मनाने विचारलं. त्या बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. पण एवढ्या लोकांसमोर असं विचारल्यावर जुना गरुड नाही कसं म्हणणार?

"लावा," ते म्हणाले.

मी विमान शेवटच्या वळणावर ठेवलं. चौकशीच्या कागदांतली उंची आणि वेग मला तोंडपाठ होते. ते वळले, धावपट्टी समोर आली, आणि मी ट्रिम सोडून दिली.

नाक खाली गेलं. लिफ्टच्या दाराची ती मोटर जागी झाली आणि दांडी त्यांच्या हातातून पुढे पळाली. त्यांनी एका हाताने ओढली, पुरेना. दुसरा हात आला. दोन्ही हातांनी ते मागे रेलले, टाचा रोवून, कारण टाचा रोवल्याशिवाय तेवढा जोर येतच नव्हता. रोवलेला पाय गुडघा मारायला उचलावा कसा? त्यांनी प्रयत्न केला. पाय निघाला तसे ते पुढे घसरले आणि नाक आणखी खाली गेलं. त्यांनी पाय परत रोवला. मानेच्या शिरा दोरीसारख्या टरारल्या. पडद्यावर झाडं मोठी होत होती.

मी त्यांच्या हातांकडे बघत होते. हात पांढरे पडले होते, पण दांडी सोडत नव्हते. मला वाटलं मला आनंद होईल. झालाच. पण त्या आनंदात मला माझ्या नवऱ्याचे हात दिसत होते.

"अहो, ती मूठ ओढा ना!" सासूबाई दारातून ओरडल्या. त्या खुर्चीवरून अर्ध्या उठल्या होत्या. "ती डोक्यावरची मूठ! ओढत का नाही तुम्ही?"

"हात कुठून आणू?" साहेब खेकसले. "अहो बाई, एक बोट जरी सोडलं तर... हात कुठून आणू मी?"

जमीन आली. पडदा लाल होऊन थांबला. मोटर बंद पडली तसे ते दांडीवर पुढे कोसळले, आणि त्यांचा श्वास खोलीभर ऐकू यायला लागला.

सासूबाई तशाच अर्ध्या उठलेल्या, हात दाराच्या चौकटीवर. त्यांचे ओठ हलत होते. 'हात कुठून आणू' हे त्या पुन्हा मनाशी म्हणून बघत होत्या.

मी उठून सांगाड्यासमोर उभी राहिले. "याच वळणावर माझा नवरा गेला," मी म्हणाले. "चौकशी तुम्ही केली होतीत. या त्याच्या आई."

साहेबांनी पहिल्यांदा माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग त्यांची नजर लिफ्टवाल्याच्या हातातल्या फोनकडे गेली. "ते बंद करा," ते म्हणाले. लिफ्टवाल्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सासूबाईंकडे, आणि फोन होता तसा धरून ठेवला.

"दोष लिहिला असता तर सगळी विमानं जमिनीवर उभी करावी लागली असती तेव्हा," साहेब हळू आवाजात म्हणाले. "दुसरी नव्हती आमच्याकडे. वरून सांगणं होतं. तुम्हाला नाही कळायचं ते."

"मग करायची होती उभी," मी म्हणाले. "दम नव्हता का?"

सासूबाई भिंतीचा आधार घेत पुढे आल्या. मला वाटलं त्या रडतील, किंवा साहेबांच्या अंगावर धावून जातील. त्यांनी प्लायवूडच्या कडेवर हात ठेवला आणि अगदी जवळून त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"म्हणजे तो घाबरला नव्हता?"

साहेबांनी थांबलेल्या पडद्याकडे पाहिलं.

"मी तुम्हाला विचारते आहे."

"नाही," ते म्हणाले. "त्याने विमान सोडलं नाही. शेवटपर्यंत ओढत होता. तेव्हाही... तेव्हाही अवशेषांत दिसत होतं ते. दोन्ही हात दांडीवरच होते."

हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं हे त्याला ठाऊक होतं आणि आम्हाला नव्हतं. सासूबाईंनी डोळे मिटले. त्यांचा दुसरा हात हवेत काहीतरी शोधत होता, मी तो धरला.

साहेबांनी चाचपडत पट्ट्याचं बकल सोडवलं आणि सांगाड्याच्या दोन्ही कडांना धरून उठायला लागले. क्लबातला एकजण हात द्यायला पुढे झाला.

"उठू नका," सासूबाई म्हणाल्या. डोळे उघडून, शांतपणे. "माझ्या पोराला उठता आलं नव्हतं."

पुढे झालेला हात मागे गेला. साहेब खाली बसले.

"लाव गं पुन्हा," त्या मला म्हणाल्या.

मी कॉम्प्युटरपाशी गेले आणि विमान परत त्या वळणावर नेऊन ठेवलं.